अभ्यासिकेच्या कपाटात भौतिकशास्त्र कोणते?

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. भाकरी बांधून आलेला माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण त्या पिशवीत काय असते? चरित्र असते, इतिहास असतो, धम्म असतो, संविधान असते. अलीकडे स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शकही असते. भौतिकशास्त्राचे पुस्तक मात्र आम्हाला त्या पिशवीत अजून दिसलेले नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. त्यातली कला आम्ही उचलली, कायदा उचलला. विज्ञान मात्र आम्ही परीक्षेच्या मार्कांपुरते ठेवले. हे कुणाला कटू वाटेल, पण ते खरे आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण घडले आहे. आमच्या वस्तीतील जयंती उत्सव समितीने डीजेच्या खर्चाला कात्री लावून अभ्यासिकेसाठी पुस्तके घेण्याचे ठरविले. निर्णय स्तुत्य होता. पोरांनी यादी करून आमच्याकडे आणली, कारण वकील म्हणजे पुस्तकातला माणूस असा त्यांचा समज. यादीत भौतिकशास्त्राची अकरा पुस्तके होती. अकराही गाईड नाहीतर प्रश्नसंच! त्यातल्या चार पुस्तकांत तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने छापलेले. यादी वाचत असताना बाजूला बसलेली अकरावीची मुलगी हळूच म्हणाली, "काका, ही पुस्तकं उत्तर सांगतात. ते उत्तर तसंच का, ते कोणत्या पुस्तकात असतं?"

या प्रश्नाचे उत्तर समितीजवळ नव्हते. त्या वयात आमच्याजवळही नव्हते, म्हणून तर आम्ही वकील झालो!

आम्ही मराठी माध्यमातून दहावी झालो. विज्ञानात गुण चांगले होते. अकरावीला विज्ञान शाखेत गेलो आणि एका जून महिन्यात सगळे शब्द परके झाले. जडत्वाचे इनर्शिया झाले, संवेगाचे मोमेंटम झाले, त्वरणाचे ॲक्सिलरेशन झाले. कॉलेजातील प्राध्यापकांना तास संपवायचा होता. आम्हाला प्रश्न विचारायचा होता, पण इंग्रजीत विचारायचा म्हणून आम्ही गप्प बसलो. मग कुणीतरी गाईड दिले, ते पाठ केले, बारावीला जेमतेम निघालो आणि कला शाखेकडे वळलो. वकिलीबद्दल आमची तक्रार नाही. पण भौतिकशास्त्र आम्ही सोडले नव्हते, ते आमच्या हातून सुटले होते. पुढे तिशीत, जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवरून एच. सी. वर्मा यांचे पुस्तक घेतले, रोज रात्री चार पाने वाचली, आणि समजू लागले. तेव्हा कळले की दोष आमच्या डोक्यात नव्हता. दोष हाती आलेल्या पुस्तकात होता. आमच्या किती मुलामुलींनी हा दोष स्वतःच्या डोक्याला लावून घेतला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

योग्य पुस्तक योग्य वेळी हाती पडले तर काय होते याचा पुरावा इतिहासात आहे. मायकेल फॅरडे हा लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा. शाळा नावापुरती. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला. त्यात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरचा लेख होता आणि जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे संवादरूप पुस्तक होते. एक शिक्षिका, दोन मुली आणि त्यांचे प्रश्न, असे ते पुस्तक. पुढे १८१२ साली त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतःच बांधून डेव्हींना पाठविली आणि १८१३ साली तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. १८३१ साली याच फॅरडेने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखविली. आज तुमच्या घरात जो दिवा लागतो त्यामागे हे तत्त्व आहे. फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. ते काम नंतर मॅक्सवेलने केले. पण त्याला "का?" विचारायला शिकविणारे पुस्तक मिळाले होते. ते पुस्तक पंडितांसाठी लिहिलेले नव्हते, सामान्य वाचकासाठी लिहिलेले होते, हे ध्यानात घ्या.

मग पुस्तक निवडायचे कसे? आम्ही आमच्या धंद्याचा दाखला देतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला जुने वकील सांगतात की आधी मूळ कायदा वाच, मग भाष्यग्रंथ वाच, आणि गाईड परीक्षेच्या आदल्या रात्री वाच. जो गाईडपासून सुरुवात करतो तो पास होतो, पण कोर्टात उभा राहत नाही. भौतिकशास्त्रात मूळ कायदा म्हणजे पाठ्यपुस्तक, भाष्य म्हणजे समजावून सांगणारे ग्रंथ, आणि प्रश्नसंच ही शेवटची पायरी. आमच्या अभ्यासिकांतून ही शिडी उलटी लावलेली आहे.

दुसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्याचे पुस्तक आणि जिज्ञासू वाचकाचे पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विद्यार्थ्याचे पुस्तक पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन वाचायचे असते. जिज्ञासू वाचकाचे पुस्तक रात्रपाळीहून आलेल्या बापालाही वाचता आले पाहिजे. दोहोंची गल्लत झाली की दोघांचेही नुकसान होते. गणित वगळलेले पुस्तक वाचून भौतिकशास्त्र येत नाही, जशी टीव्हीवर कोर्ट पाहून वकिली येत नाही. उलट नुसत्या सूत्रांचे पुस्तक बापाच्या हाती दिले तर तो ते दुसऱ्या पानावर मिटून ठेवील.

आता नावे घेऊन बोलू. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी बालभारती आणि एनसीईआरटी यांची पाठ्यपुस्तके आधी. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यासाठी समितीचा रुपयाही खर्च होत नाही. त्यांच्या जोडीला अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची पुस्तके घ्यावीत. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकविणारा हा माणूस आयआयटी कानपूरचा पदवीधर. त्यांनी शेकडो पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत आणि त्यात मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. तिसरे नाव याकोव्ह पेरेलमान यांचे. १९१३ साली रशियन भाषेत निघालेले त्यांचे मनोरंजक भौतिकशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट' या नावाने मिळते. पेरेलमान भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नव्हते, त्यांचे शिक्षण वनशास्त्राचे. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे पुस्तक मात्र शंभर वर्षांनंतरही शिळे झालेले नाही.

अकरावी-बारावीसाठी आधी मंडळाचे पाठ्यपुस्तक, मग एनसीईआरटी, मग एच. सी. वर्मा यांचे 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स', दोन भाग. वर्मा पाटण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवीत होते, नंतर आयआयटी कानपूरला गेले. १९९२ साली निघालेले हे पुस्तक बिहारच्या साध्या घरांतील मुलांना समोर ठेवून लिहिले आहे, हे त्यातल्या सोप्या इंग्रजीवरून कळते. ते हिंदीतही आहे. ते वाचण्याची रीत अशी की, सोडवलेल्या उदाहरणाचे उत्तर हाताने झाकावे, स्वतः प्रयत्न करावा आणि मगच हात काढावा. इरोडोव्ह यांचा रशियन उदाहरणसंग्रह आधी घेऊ नये. तो उत्तमच आहे, पण उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कोचिंग क्लासवाले तो बॅगेत टाकायला लावतात. पुष्कळ मुले तो बॅगेतच ठेवतात आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक सूचना. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. परीक्षा मराठीत आणि पुस्तके इंग्रजीत, असा हा न्याय! यावर सरकारशी भांडावे लागेल, ते आम्ही भांडू. तोवर भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश अभ्यासिकेत ठेवा आणि वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने पाडा. इकडे संवेग, तिकडे मोमेंटम. दोनशे शब्दांत अकरावीचे भय निम्मे होते. आम्हाला हे त्या वेळी कुणी सांगितले असते तर!

पदवीच्या मुलांसाठी हॅलिडे आणि रेस्निक यांचा ग्रंथ आहेच. फाइनमन यांची व्याख्याने मात्र दुसऱ्या वाचनाला घ्यावीत. ती १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकच्या पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेली आहेत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपला प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही, अशी कबुली फाइनमन यांनी स्वतःच प्रस्तावनेत दिली आहे. ज्याला विषय थोडा येतो त्याला ती व्याख्याने नवी दृष्टी देतात. ज्याला येत नाही त्याला ती घाबरवतात. तिन्ही खंड कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, तेव्हा ते विकत घेण्याची घाई नको.

जिज्ञासू वाचकांसाठी मराठीत जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक पहिले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांचा मोठा आधार गेला. इंग्रजी वाचणाऱ्यांनी आइन्स्टाइन आणि इन्फेल्ड यांचे १९३८ चे 'द इव्होल्यूशन ऑफ फिजिक्स' घ्यावे. त्यात सूत्रे जवळजवळ नाहीत, पण विचार कसा पुढे सरकला ते पायरी-पायरीने सांगितले आहे. निर्वासित इन्फेल्ड यांची पैशाची अडचण दूर व्हावी हाही हे पुस्तक लिहिण्यामागचा एक हेतू होता. आपल्या देशातील जी. वेंकटरामन यांच्या छोट्या पुस्तिका तर प्रत्येक अभ्यासिकेत हव्यात. त्यातली एक मेघनाद साहांच्या सूत्रावर आहे. स्टीफन हॉकिंग यांचे १९८८ चे 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' सगळ्यांना ठाऊक असते, कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यात एकच सूत्र आहे म्हणून ते सोपे आहे असे समजू नका. ते सुरुवातीला घेऊ नका, शेवटी घ्या.

दुकानात उभे राहून पुस्तक पारखण्यासाठी आम्ही तीन प्रश्न ठरविले आहेत. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी पुस्तकाची घ्यायची.

पहिला प्रश्न वर फेकलेल्या चेंडूचा. सर्वांत उंच जागी चेंडूचा वेग क्षणभर शून्य होतो, मग त्याचे त्वरण किती? बहुतेक मुले शून्य सांगतात. उत्तर आहे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. वेग शून्य होणे आणि वेग बदलणे थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्वरण शून्य असते तर चेंडू वरच लटकून राहिला असता. जे पुस्तक या जागी थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावते ते घ्यावे. जे नुसते सूत्र छापून पुढे जाते ते ठेवून द्यावे.

दुसरा प्रश्न अंतराळवीराचा. तो यानात तरंगतो कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे पुस्तकात लिहिले असेल तर पुस्तक मिटा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. यान आणि माणूस दोघेही सारखेच पडत असतात, पुढच्या वेगामुळे पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून माणूस तरंगतो. लेखकाला हे माहीत नसेल तर बाकीच्या पानांवर विश्वास कसा ठेवायचा?

तिसरा प्रश्न 'क्वांटम' या शब्दाचा. हा शब्द आला आणि त्याच्या शेजारी रोग बरे करणे, मनःशक्ती, श्रीमंती किंवा ऋषिमुनी आले, तर ते पुस्तक भौतिकशास्त्राच्या कपाटात ठेवायचे नाही. क्वांटम सिद्धांत हा अणू, इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या वर्तनाचा मोजून तपासलेला सिद्धांत आहे. तो कुणाच्या नशिबाची जबाबदारी घेत नाही.

या तिसऱ्या प्रश्नाशी मेघनाद साहांचा एक प्रसंग जोडलेला आहे. साहा हे १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात किराणा दुकानदाराच्या घरी, खालची मानल्या गेलेल्या जातीत जन्मले. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना जातीचे चटके बसले. १९२० साली त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे सूत्र मांडले आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले. ढाक्यातील एका वृद्ध वकिलांनी त्यांना तुमचे संशोधन काय म्हणून विचारले. साहा उत्साहाने सांगू लागले. वकीलसाहेब दर दोन मिनिटांनी म्हणत की यात नवे काय, हे सगळे वेदात आहेच. कोणत्या भागात आहे असे साहांनी विचारले, तेव्हा आपण वेद वाचलेले नाहीत, पण असणारच, असे उत्तर मिळाले. साहांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. तो वकील आमच्या धंद्यातला होता याची आम्हाला लाज वाटते. पुराव्याशिवाय दावा कोर्टात टिकत नाही हे त्याला तरी कळायला हवे होते.

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. हाच आजार आपल्या घरातही शिरतो आहे. फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या १९७५ च्या 'द ताओ ऑफ फिजिक्स' या पुस्तकात हिंदू, ताओ आणि बौद्ध विचारांची आधुनिक भौतिकशास्त्राशी सांगड घातली आहे. ते वाचून आपल्यातील काही वक्ते क्वांटम सिद्धांत तथागतांनी आधीच सांगितला होता असे व्यासपीठावरून सांगू लागले आहेत. वेदात विमान शोधणाऱ्यांना आम्ही हसतो आणि त्रिपिटकात इलेक्ट्रॉन सापडला की साधुकार देतो, हे कसे चालेल? ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे शिकविणाऱ्याच्या नावावर तरी हा उद्योग नको.

पैशाचा प्रश्न उरतोच. इथे भौतिकशास्त्र कायद्यापेक्षा दयाळू आहे. कायद्याच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती वापरणारा वकील बुडतो. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि आमची अर्धी कपाटे रद्दी झाली. न्यूटनच्या नियमांना अशी दुरुस्ती विधेयके येत नाहीत. यांत्रिकी, उष्णता, प्रकाश, वीज यांचे वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक फुटपाथवर मिळाले तर बिनधास्त घ्या. विश्व आणि मूलकणांचे पुस्तक मात्र नवे घ्यावे. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचा शोध १९९८ चा, हिग्ज कण २०१२ चा, गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद २०१५ ची. जुन्या आवृत्तीचा आणखी एक फायदा आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या नव्या छपाईतून ऊर्जेच्या स्रोतांचे प्रकरण आणि उत्क्रांतीचा भाग गळाला. जुनी प्रत ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे ते अजून आहे. ती रद्दीत घालू नका, अभ्यासिकेत द्या.

झेरॉक्सबद्दल पोरे विचारतात म्हणून सांगतो. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढण्याची मुभा मान्य केली. म्हणजे आख्खे पुस्तक छापून विकायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये.

हे सारे कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला आम्ही हिंगोली जिल्ह्याकडे बोट दाखवू. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मराठवाड्याच्या ज्या मातीत आमच्या माणसांनी नामांतरासाठी रक्त सांडले, त्याच मातीत ही वेधशाळा येत आहे. तिच्या फाटकावर आमची पोरे पहारेकरी म्हणून उभी राहणार, की आत लेझरचे किरण जुळवीत बसणार? हा निकाल आज, अकरावीच्या वर्गात आणि वस्तीच्या अभ्यासिकेत लागतो आहे.

आमच्या वस्तीत आम्ही यादी बदलली. अकरा गाईडऐवजी दोन प्रश्नसंच ठेवले. वर्मांच्या पुस्तकाचे चार जोड, पेरेलमान, नारळीकर, वेंकटरामन यांच्या पुस्तिका आणि परिभाषा कोश घेतला. रविवारी सकाळी दोन तास एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी अडवायचे, असा नियम केला. पहिल्या रविवारी सात जण आले. त्या मुलीने चेंडूचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि बीएस्सी झालेल्या एका तरुणाचे उत्तर चुकले. तो रागावला नाही, खाली बसून पुन्हा वाचू लागला. समाजातील अभियंते, प्राध्यापक आणि शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की देणगीची पावती फाडून मोकळे होऊ नका. आपल्या जवळच्या अभ्यासिकेचे कपाट एकदा उघडून बघा, त्यातले गाईड मोजा, आणि पुढच्या रविवारी दोन तास तिथे जाऊन बसा.